तेवीस नंबरची रेघ

बुधवार, ६

ही वही ताईने दिली त्याला महिना होऊन गेला. "आयुष्यात एक तरी गोष्ट रोज कर गं, मग ती काही का असेना," असं म्हणून दिली. तेव्हापासून वही फ्रिजवर पडून आहे आणि मी घरी आले की तिच्यावर किल्ली ठेवते. तेवढं मात्र रोज केलं. उद्या लिहू, परवा लिहू. आजही बसले ती शहाणपण आलं म्हणून नाही. डोकं फिरलंय आणि ऐकायला कोणी नाही. ताई दवाखान्याच्या ड्यूटीवर, आणि भावोजींपाशी तक्रार करायची सोय नाही, कारण ही नोकरी त्यांनीच ओळख काढून लावून दिली.

नोकरी अशी. मोठ्या रस्त्याच्या पोटातून सांडपाण्याचा बोगदा खणताहेत. त्या हादऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारती फाटताहेत का, यावर आमचं ऑफिस नजर ठेवतं. जिथे भिंतीला आधीपासून तडा होता तिथे काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलंय. तडा किती रुंदावला ते यंत्र तासातासाला कळवतं. अशी छत्तीस यंत्रं, त्यांच्या छत्तीस फाइली. दर शुक्रवारी प्रत्येकाचा एक ग्राफ काढायचा आणि छत्तीस पानांचा अहवाल नगरपालिकेला पाठवायचा. मी फक्त ग्राफ काढते. बोटीवर तिकिटं फाडली, सफरचंदं तोडली, कॉलेज अर्धं केलं, त्या मानाने हे पंख्याखालचं काम.

पण ग्राफ हाताने काढायचे नसतात. एका फाइलीत हुकूम लिहून ठेवायचे: शीर्षक हे, आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर शून्य ते दोन मिलिमीटर, रेघ निळी, हं, काढ. सॉफ्टवेअर ओळीमागून ओळ वाचतं आणि काढतं. माझ्याआधी इथे जो होता त्याने पहिल्या यंत्रासाठी अकरा ओळी लिहिल्या. दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच अकरा. तिसऱ्यासाठी पुन्हा. छत्तीसपर्यंत. माणूस आहे की पाढे म्हणणारा पोपट. ऑफिसात त्याला रटाळराव म्हणत. साहेबांशी काहीतरी वाजलं आणि सोडून गेला. मी त्याला पाहिलेलं नाही, पण रोज त्याच्या नावाने बोटं मोडते.

कारण दर आठवड्याला तारखा बदलायच्या म्हणजे छत्तीस ठिकाणी. आज एकोणिसाव्यात विसरले. साहेब म्हणाले, "तुझं लक्ष कुठे असतं?" खरं सांगायचं तर समोरच्या गच्चीवर एक बाई कुत्र्याला आंघोळ घालत होती.

गुरुवार, ७

लूप नावाची चीज असते. एकच हुकूम द्यायचा आणि सांगायचं की एकपासून छत्तीसपर्यंत मोजत जा आणि प्रत्येक आकड्याला हेच कर. म्हणजे रटाळरावांच्या चारशे ओळींच्या जागी अकरा. हे मला आज जेवणाच्या सुट्टीत कळलं आणि मला त्या माणसाची दया आली. मग चारपर्यंत माझीच.

लिहिलं. चालवलं. चूक. सॉफ्टवेअर चूक दाखवतं म्हणजे काय करतं, तर एका अक्षराखाली छोटासा बाण काढतं, आणि त्या अक्षरात काहीही चुकलेलं नसतं. चूक तीन ओळी वर असते. एक महिरपी कंस उघडला होता, मिटला नव्हता. मिटला. पुन्हा बाण, दुसरीकडे. रस्ता विचारला की नुसतं "तिकडे" म्हणून हनुवटी उडवणारे लोक असतात ना, त्यातलं हे सॉफ्टवेअर.

मग चाललं. छत्तीस ग्राफ डोळ्यांसमोरून भुर्रकन गेले आणि पडदा काळा. एकही वाचता आला नाही.

शुक्रवार, ८

अहवाल रटाळरावांच्याच फाइलीने पाठवला. छत्तीस तारखा हाताने. बोलायची इच्छा नाही.

मंगळवार, १२

आज प्रगती, असं समजून घरी आले होते. लिहायला बसल्यावर कळतंय की आज फक्त नवीन जातीच्या चुका केल्या.

पहिली: छत्तीस ग्राफ निघाले, पण प्रत्येकाच्या डोक्यावर एकच शीर्षक, "यंत्र क्र. आय". मी आय हा मोजायचा डबा ठेवला होता, आणि डब्यातला आकडा छापायच्या ऐवजी त्याने डब्याचं नाव छापलं. दुसरी: ते दुरुस्त केलं, फोल्डर उघडलं, तर आत एकच चित्र. छत्तीस नंबर. बाकीचे पस्तीस गेले कुठे? कुठेच नाही. सगळे एकाच नावाने साठवायला सांगितले होते, म्हणून प्रत्येक नव्याने जुन्याला खाल्लं.

रात्रीच्या जेवणात भावोजी म्हणाले, "कसं चाललंय काम?"

"मजेत."

"साहेब म्हणत होते, मुलगी हुशार आहे पण भिंगरी आहे."

"भिंगरी आम्ही घरी म्हणतो," ताई म्हणाली. "साहेबांना कोणी सांगितलं?"

भावोजींनी पोळी वाढायला सांगितली.

गुरुवार, १४

झालं. लिहिते पुन्हा, झालं. एक बटण दाबलं आणि छत्तीस ग्राफ, छत्तीस नावांनी, ओळीने फोल्डरमध्ये येऊन बसले. मधल्या चार तासांत मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, ताई ही वही उघडणार हे मला ठाऊक आहे.

दिसतातही देखणे. सगळ्यांची चौकट एक, उंची एक, शून्य ते दोन मिलिमीटर. बहुतेक रेघा तळाशी लोळताहेत, अर्धा मिलिमीटर, पाऊण. एक तेवीस नंबर तेवढा आगाऊ: रेघ चढत चढत जाते, वरच्या कडेला टेकते आणि संपते. पुढचं अर्धं पान कोरं. साहेबांना दाखवलं.

"बॅटरी गेली असेल," ते म्हणाले. "मेकॅनिक सुट्टीवर आहे. खाली टीप टाक, यंत्र बंद."

टाकली.

मग रटाळरावांच्या फाइलीचं नाव बदलून "रटाळराव" ठेवलं आणि "जुनाट" नावाच्या फोल्डरमध्ये ढकलली.

येताना टेलरमावशींकडे पँट दिली, बोटभर आखूड करायला. बोगद्याच्या याच रस्त्यावर त्यांचं दुकान, मागच्या खोलीत त्या राहतात. वरचे दोन मजले रिकामे, मालक विकायच्या बेतात. पाच मिनिटांचं काम होतं, मी तास काढला. मावशी शाळांचे गणवेश शिवतात, जमिनीपासून छतापर्यंत निळे ढीग. भिंतीवर आमची काडेपेटी दिसली. म्हटलं, मावशी, हे तर आमचं.

"तुमचं होय? मग भाडं द्या भिंतीचं," त्या म्हणाल्या. "लावायला आला होता तो फार सज्जन. दर महिन्याला यायचा, तड्यावरून बोट फिरवायचा, चहा घ्यायचा नाही. आता तूच येत जा. तू चहा घेतेस."

"नंबर किती याचा?"

"मला काय माहीत, पोरी. मी काय त्याची आई?"

काडेपेटीवर लिहिलेलं असतं, पण तेवढ्यात चहा आला.

शुक्रवार, १५

अहवाल दुपारीच तयार. साहेब म्हणाले, "अरे वा." त्यांनी कोणाला अरे वा म्हटल्याचं ऑफिसात कोणाला आठवत नाही. आता उरलेला वेळ काय करायचं हा नवीन प्रश्न.

बुधवार, २०

उरलेल्या वेळात रेघांचे रंग निवडले. हिरवे किती असतात याची मला कल्पना नव्हती. सोमवार आणि मंगळवार हिरव्यात गेले. आज साहेबांनी बघितलं आणि सांगितलं की नगरपालिका काळ्या-पांढऱ्यात छापते.

चिडून बाहेर पडले ती मावशींकडे. पँट झाली नव्हती. दुकानाचं दार अर्धवट उघडं, आत एक सुतार गुडघ्यावर बसून दार खालून तासत होता.

"घासायला लागलंय," मावशी म्हणाल्या. "याच महिन्यात दुसऱ्यांदा. दमट हवा."

हवा कोरडी होती, माझे ओठ फुटलेत. पण दारांचं मला काय कळतं. सुतार म्हणाला, "बाई, दार फुगलं नाही, चौकट बसलीय." मावशी म्हणाल्या, "तू तास. बोलायचे वेगळे पैसे नाहीत."

मशीनवर ठेवलेलं रीळ माझ्या देखत आपोआप घरंगळलं आणि खाली पडलं. मी उचलून दिलं. मावशींनी ते न बघता खिशात टाकलं, रोजचंच असल्यासारखं.

शुक्रवार, २२

अहवाल सकाळी गेला. तेवीस नंबर, यंत्र बंद, दुसरा आठवडा.

मग वेळ होता म्हणून, आणि फक्त म्हणून, एक चित्र करायला घेतलं. भिंतीवर लावायला. छत्तीसच्या छत्तीस रेघा एकाच कागदावर, छत्तीस हिरव्या. आता लूप माझ्या हातचा मळ, एका ओळीत झालं. उभ्या रेषेची मर्यादा लिहायचा कंटाळा केला. न लिहिलं तर सॉफ्टवेअर स्वतःच माप घेतं, सगळं मावेल असं.

चित्र आलं आणि मी वैतागले. पस्तीस रेघा तळाशी चिरडून एक जाड हिरवा पट्टा, आणि एकच रेघ तिरकी, पार वरच्या कोपऱ्यात गेलेली. सगळं चित्र तिने नासलं. कोण ही बया म्हणून पाहिलं तर तेवीस.

म्हटलं, हिची तर बॅटरी गेली आहे ना?

फाइल उघडली. आकडे आज सकाळपर्यंतचे. एकही तास चुकलेला नाही. दोन, अडीच, तीन, चार. चार मिलिमीटर आणि वर काहीतरी. यंत्र चालू आहे. यंत्र पहिल्यापासून चालूच होतं. रेघ संपली नव्हती, ती माझ्या चौकटीच्या वर निघून गेली होती, आणि चौकट दोनवर थांबवलेली, मीच, छत्तीसही जणींना सारखी.

मग रटाळरावांची फाइल जुनाटमधून ओढून काढली. पहिले दोन गठ्ठे वाचूनच मी ठरवलं होतं की सगळे सारखे. आज सगळे वाचले. सारखेच आहेत. अकरा ओळी, अकरा ओळी, अकरा ओळी. तेवीसच्या गठ्ठ्यात फक्त एका ओळीत, दोनच्या जागी सहा.

यंत्रांची यादी काढली. तेवीस: गणवेशांचं दुकान, मागच्या खोलीची भिंत.

साहेब निघायच्या तयारीत, एक हात कोटात. मी चित्र आणि यादी, दोन्ही कागद समोर धरले. त्यांनी पाहिलं.

"तुझ्या त्या लूपमध्येच काहीतरी असेल."

"आकडे फाइलीत आहेत साहेब. लूप आकडे बनवत नाही."

"यंत्र खोटे आकडे देतं कधीकधी. मेकॅनिक सोमवारी येतोय."

"आणि तोवर?"

"तोवर शनिवार आणि रविवार," ते म्हणाले. मग दुसरा हात कोटात घालताना, "आधीच्याला पण या तेवीसचंच वेड होतं. दोन अहवालांत आपणच यंत्र बंद लिहिलंय. आता काय लिहू? सोमवारी बघू. आणि हे चित्र बाहेर दाखवत फिरू नकोस."

"आपणच" कोणी, हे मी विचारलं नाही. टीप मी टाकली होती.

शनिवार, २३

नगरपालिकेला फोन लावला. कार्यालयीन वेळेत संपर्क साधा. पुन्हा लावला. तोच आवाज, तेच वाक्य, पुन्हा लावला तर पुन्हा तेच. यांचंही लूपच आहे, फक्त याला छत्तीसवर थांबायला कोणी सांगितलेलं नाही.

मावशींकडे गेले, चित्र घेऊन. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"ही मी?"

"ही तुमची भिंत."

"आणि या बाकीच्या?"

"बाकीच्यांच्या."

"मग मी वर आहे हे बरंच की."

"मावशी, तडा रुंदावतोय. तुम्ही दोन दिवस दुसरीकडे राहा."

"आणि हे कोण, तू शिवणार?" ढिगाकडे हात केला. "मंगळवारी शाळा उघडतेय. चारशे पोरं उघडी पाठवू?"

मी रिळाचं सांगितलं, दाराचं, सुताराचं. त्या ऐकत होत्या, हात थांबला नाही. शेवटी मशीनवरून पाय काढला.

"हे बघ. गेल्या आठवड्यात तू इथेच बसून चहा प्यायलीस. तेव्हा म्हणालीस का काही? नाही. आज कागद घेऊन आलीस, उद्या म्हणशील कागद चुकला. ज्याने हे डबडं लावलं ना, तो मला सांगून गेलाय. मावशी, उठायची वेळ आली तर मी स्वतः येऊन सांगेन. आला तो? नाही आला. मग मी उठणार नाही."

"तो माझ्या जागी होता, त्याने नोकरी सोडली मावशी."

"ते तुमच्या साहेबाला सांगितलंय त्याने. मला नाही सांगितलं."

चुकली ती मी, आणि मावशींनी विश्वास ठेवलाय तो जो निघून गेला त्याच्यावर. आणि राग मला त्याचाच. ओळीच्या शेजारी चार शब्द लिहून ठेवायला काय झालं होतं? तेवीस वेगळा आहे, सांभाळ. एवढं लिहिलं असतं तर. लिहिलं असतं तरी मी वाचलं असतं का, हा प्रश्न बाजूला.

घरी येऊन त्याच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत त्याचा नंबर सापडला. निरोप लिहिला. तीनदा खोडून: तुम्ही मला ओळखत नाही, तुमच्या जागी आले आहे, तेवीस चारच्या वर गेलाय, मावशी तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत, खाली माझं नाव, घरचा पत्ता. सोबत चित्र जोडलं आणि त्याची जुनी फाइलही, म्हणजे पटेल. पाठवल्यावर दिसलं की फाइल मीच ठेवलेल्या नावाने गेली. "रटाळराव".

निरोप पोचल्याची खूण आली. वाचल्याची आली. उत्तर नाही.

रविवार, २४

सकाळी उत्तर नाही. दुपारी नाही. त्याच्या जागी मी असते तरी दिलं नसतं.

पुन्हा मावशींकडे गेले. दार आता तासूनही लागत नव्हतं, खाली दगड लावून उघडंच ठेवलेलं. मी सांगायला तोंड उघडायच्या आत त्यांनी पँट अंगावर फेकली. "झाली. घाल आणि जा. माझं डोकं खाऊ नकोस." पँट अगदी मापात. मी काडेपेटीजवळ जाऊन तड्यावरून बोट फिरवलं, तो करायचा म्हणे तसं. नख आत गेलं. बाजूच्या भिंतीचा चुना माझ्या बाहीवर सांडला. मावशींनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"घाबरलात ना?" मी म्हटलं.

"घाबरून कुठे जाऊ?" त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच लहान. मग लगेच, "जा आता."

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. वही आहे तरी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना इथे आण. हॉलमध्ये झोपतील."

"येत नाहीत गं."

"मग तू जाऊन तिथे झोप."

"काय?"

"त्यांना एकटं सोडायचं नसेल तर दुसरं काय करणार?"

भावोजी पेपरच्या मागून म्हणाले, "कोणी कुठे झोपायचं नाही. मी साहेबांना फोन करतो." ते अजून बाल्कनीत फोनवर आहेत. पहिली पाच मिनिटं "हो, हो, तुमचं बरोबर" चाललं होतं. आता आवाज चढलाय. "तुम्ही स्वतः झोपाल का तिथे? मला तेवढंच सांगा." माझ्यासाठी त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी चादर आणि टूथब्रश पिशवीत भरलाय. जायची वाट बघत हे लिहितेय, म्हणजे खरं तर भीती वाटतेय म्हणून लिहितेय. सोमवारी नोकरी राहील असं वाटत नाही. राहिली तर लूप ठेवीन, पण उभ्या रेषेला माप घालून देणार नाही, प्रत्येकीला जेवढं वर जायचं तेवढं जाऊ दे. आणि दर महिन्याला प्रत्येक भिंतीपाशी जाऊन

बेल वाजली. ताईने उघडलं. जिन्यातून धापा ऐकू येताहेत, आणि काहीतरी लोखंडी कठड्यावर आपटलं.

ताई आत येऊन दारात उभी आहे. म्हणते, "भिंगरी, बाहेर ये. एक माणूस शिलाई मशीनचं एक टोक धरून उभा आहे, दुसरं टोक एका बाईंच्या हातात आहे, आणि दोघांच्या डोक्यावर निळे गठ्ठे. मी विचारलं, आपण कोण? तर म्हणतो, त्यांना सांगा, रटाळराव आलाय."